वीस मैलांचा हट्ट

चहाचा पेला आधी खाली ठेवतो. हा किस्सा सांगायला घेतला की अजून बी मी हातवारे करतो, आणि तुमच्या सतरंजीचं नुकसान व्हायचं. हसायचं असेल तर हसा, पण शेवटी हसा. मधी हसण्यासारखं काही नव्हतं. मधी मी मरणार होतो.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. मी सरहद्दीजवळच्या वाशीला मास्तर. शाळेला सुट्टी जुम्म्याची. एक जुनी सायकल घेतली होती, आणि सायकलीबरोबर डोक्यात खूळ आलं, की दर जुम्म्याला वीस मैल झालेच पाहिजेत. कुणी सांगितलं होतं? कुणीच न्हाय. एकोणीस झाले तर कोण फाशी देणार होतं? ते पुढं सांगतो.

शेजारी महेबूबभाई शिंपी. सायकल त्याच्याकडं बी होती. पण हा माणूस पहिलं बोरीचं झाड दिसलं की उतरायचा. मोट चालू असली की विहिरीवर बसायचा. हुरड्याला कुणी हाक मारली तर सायकल तिथंच बांधाला.

मी विचारायचो, "भाई, आज किती मैल?"

तो म्हणायचा, "बोरं गोड होती."

आता असल्या माणसाला काय सांगणार?

आमच्याकडच्या वाटा म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्या. सपाट सडक अशी एकच, सरहद्दीच्या नाक्याजवळ. नाका ते मैलाचा दगड, बरोबर एक मैल. गावापासनं नाक्यापर्यंत सायकल ढकलतच न्यावी लागायची, आणि ढकललेला मैल धरायचा न्हाय, असा माझा कायदा. म्हणून मी नाका ते दगड, दगड ते नाका, अशा येरझाऱ्या घालायचो.

नाक्यापलीकडं दुसरं सरकार. आणि दिवस असे वाईट, की घराबाहेर पडलेलं माणूस परत येईपर्यंत बाया दारात उभ्या असायच्या. पलीकडनं कुणी निरोप्या आला, अलीकडनं कुणी धरून नेला, अशा गोष्टी लोक दार लावून बोलायचे. नाक्यावर नुकतेच बंदूकवाले शिपाई आले होते.

महेबूबभाई म्हणाला, "मास्तर, या जुम्म्याला तिकडं नगं. माझ्यासंगं चला, पेरूच्या मळ्यात बसू."

"बसून मैल होत न्हाईत, भाई," मी म्हणालो. बघा, काय शहाणा होतो.

तर गेलो. दम लागला की माझा आकडा चुकायचा, म्हणून मी मैल मोठ्यानं मोजायचो. दगडापर्यंत जाऊन परत आलो, नाक्यापुढं सायकल वळवली आणि खणखणीत म्हणालो, "दोन."

बाहेर दोन शिपाई बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

पुढच्या खेपेला वळताना म्हणालो, "चार." त्या दोघांनी आतनं आणखी दोघांना बोलावलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं न्हाय. तिसऱ्या खेपेला "सहा" म्हणालो, तेव्हा दारात सहाजण उभे. मला वाटलं, माझी चिकाटी बघायला माणसं जमायला लागली. छाती जरा फुगली बी.

चौथ्या खेपेला सडकेवर लाकूड आडवं होतं. जमादार स्वतः बाहेर आलेला, मागनं पिठाच्या हातानं भटारी. मी ब्रेक दाबला आणि सवयीनं तोंडातनं निघून गेलं, "आठ."

एका शिपायानं बंदूक माझ्या पोटाकडं केली. "हुजूर, देखो. भटारीकू बी गिना इसने."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: मी मैल मोजत होतो, त्यांना वाटलं शिपाई मोजतोय.

जमादार थोराड, मिशाळ. हळू आवाजात बोलायचा, त्यानं जास्तच भीती वाटायची. "नाव?"

सांगितलं. मास्तर आहे हे बी सांगितलं. तिथंच चुकलं, कारण त्या दिवसांत मास्तर म्हणलं की आधी संशयच यायचा.

"किधर चालला?"

"कुठंच न्हाय, साहेब."

"कुठून आला?"

"त्या दगडापासनं."

"दगडाकडं काय काम होतं?"

"काम न्हाय. परत फिरायचं होतं."

"मग इकडं काय काम?"

"इथनं बी परत फिरायचंच होतं."

त्यानं शिपायांकडं बघितलं. "आणि गिनती कशाची?"

"मैलांची. वीस पुरे करायचेत."

"वीस केल्यावर काय होतं?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता. वीस केल्यावर काय होतं? काहीच होत न्हाय. पण बंदुकीपुढं 'काहीच न्हाय' म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय असंच दिसतं. डोळ्यापुढं आई आली, दारात उभी असलेली.

तेवढ्यात शीळ घालत महेबूबभाई आला. शिपायांचे सदरे तोच शिवायचा, ते द्यायला आला होता. मला बघून त्याची शीळ थांबली.

"याला ओळखतो?" जमादारानं विचारलं.

"व्हय, जमादारसाब. आमचे मास्तर. माणूस गरीब हाय. नुसतं मैलाचं येड हाय."

"येडा की येड्याचं सोंग?"

महेबूबभाईचा बी चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "करून घ्या की वीस. सोंग असलं तर दमल्यावर गळून पडंल."

आणि जमादार माझ्या कॅरियरवर बसला. मांडीवर बंदूक, नळी माझ्या पाठीकडं. म्हणाला, "चल. बारा बाकी आहेत."

काय सांगू तुम्हाला. पाठीमागं नळी टोचतीय, वर ऊन, आणि जमादाराचं वजन ज्वारीच्या पोत्याहून कमी नव्हतं. आधी भीतीनं घाम फुटला, मग ओझ्यानं. सोळाला माझ्या डोळ्यापुढं काजवे आले. मी हात जोडले. "साहेब, बास. एवढे पुरे झाले."

"वीस बोला था ना? एक जरी कमी झाला तर तू झूटा." बंदूक त्यानं नीट धरली.

दर खेपेला नाक्यावर महेबूबभाई दिसायचा. शिपायांच्या मधी बसून शेंगा खात होता. भीतीनं टरफलासकट खात होता, पण खात होता.

वीस झाले. मी सायकलीसकट आडवा झालो. जमादार उतरला, सदरा झटकला, माझ्या तोंडाजवळ वाकून बघितलं आणि शिपायांना म्हणाला, "छोड दो. येडाच हाय." जन्मात कुठल्या शाबासकीनं मला एवढा आनंद झाला न्हाय.

पुढच्या जुम्म्याला सकाळीच दारात शिपाई उभा. आई किंचाळायची तेवढी राहिली.

"मास्तर, जमादारसाबला बाजारला जायचंय. तुमचे मैल बी होतील म्हणले."

मी खांबाला धरून म्हणालो, "त्यांना सांगा, मी मैल सोडले. आता मी फक्त मजेसाठी सायकल चालवतो."

शिपाई म्हणाला, "साबबी तेच म्हणत होते. मागं बसून लई मजा येती."