मामांची मोराची चावी

निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या टापूत सरळ गोष्ट वाकडी करून, तिच्यात स्वतः अडकून, वर समोरच्यालाही अडकवणारा माझ्या मामांसारखा माणूस दुसरा सापडायचा नाही. तंबाखूच्या व्यापारात त्यांचा जन्म गेला. पान नाकाशी नेऊन नुसत्या वासावर भाव सांगायचे. पण चप्पल घ्यायची म्हटली की डाव्या पायातली पसंत पडायची आणि उजव्या पायातली नाही. दुकानात गेले की बोलणं कानडीत सुरू करणार, मध्येच मराठीत शिरणार आणि भाव पाडायची वेळ आली की हिंदीत जाणार. त्यांना हिंदी नीट येत नाही. त्यामुळं समोरचा लवकर कंटाळून कबूल होतो, असा त्यांचा अनुभव.

गेल्या वर्षी मामींना अर्धांगाचा झटका येऊन गेला. मामी सावरल्या, बोलणं-चालणं पूर्वीसारखं झालं, पण उजव्या हाताची पकड गेली. परसातल्या मोगऱ्याला पाणी आपणच घालायचं, दुसऱ्या कुणी नाही, हा त्यांचा जुना हट्ट. आणि बागेतली गोल चाकाची चावी काही त्यांना फिरेना. आमच्याकडं नळाच्या तोटीला चावीच म्हणतात. एक दिवस मामी त्या चावीपाशी बसून रडल्या. मामांनी ते खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी ते बेळगावात माझ्या दारात हजर झाले.

"चल, पितळी नक्षीची चावी घ्यायची हाय. तुझ्या मामीच्या हाताला फिरली पायजे."

"मग साधी लांब दांड्याची घेऊ की, मामा. नक्षी कशाला?"

"हातातलं गेलंय रं तिच्या. डोळ्याला तरी बरं दिसू दे."

मी पायात चपला सरकवल्या. निघालो. हार्डवेअरच्या दुकानात मामांनी पितळी चावी मागितली. तिथला परगावचा नवा नोकर गोंधळला आणि त्यानं पितळी कुलपं काढून मांडली. मामांनी ती कुलपंही मन लावून पाहिली, दोन-तीन उघडझाप करून बघितली. शेवटी मालक धावत आले आणि त्यांनी खऱ्या चाव्या काढल्या. प्रत्येकीच्या मुठीवर कुठला ना कुठला प्राणी ऐटीत बसलेला.

इथं खरी पंचाईत सुरू झाली. आम्ही जैन. आमच्या चोवीस तीर्थंकरांपैकी प्रत्येकाचं एक चिन्ह असतं, त्याला लांछन म्हणतात. त्या चोवीसांत जंगल, शेत आणि समुद्र सगळं वाटून संपलेलं आहे. मालकांनी सिंह दाखवला. मामा म्हणाले, "महावीरांचं लांछन हाय. रोज सकाळी त्याची मान पिरगाळायची व्हय?" हत्ती अजितनाथांचा. कासव मुनिसुव्रतांचं. मासा बराच वेळ मामांच्या हातात राहिला, पण मग त्यांना अरनाथ आठवले. कंटाळून मालकांनी कमळ पुढं केलं, तर ते पद्मप्रभांचं निघालं. शेवटी त्यांनी एक गुबगुबीत पक्षी काढला आणि म्हणाले, "हे घ्या. बदक हाय. बदकाला तरी कुणाची हरकत न्हाय न्हवं?"

मामांनी तो पक्षी उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पोटाखाली पाहिलं. "बदक हाय की चकवा?"

"चकवा? रानात लागतोय त्यो?"

"पक्षी वो, पक्षी! सुमतिनाथांचं लांछन."

रानात वाट चुकवणारा चकवा आणि लांछनावरचा चकवा, यांतला कुठला आपल्या दुकानात शिरलाय, हे मालकांना काही केल्या कळेना. मलाही हळूहळू बदक कसं असतं ते आठवेनासं झालं. इतर गिऱ्हाइकं आपापली मतं देऊ लागली. अखेर मामांनी मामींना फोन लावला.

"अगं, बदकात आणि चकव्यात फरक काय?"

पलीकडून मामी शांतपणे म्हणाल्या, "मोर हाय का बघा."

"मोर? अगं, लांछन न्हाय खरं, पण त्याची पिसं म्हाराजांच्या पिंछीत असत्यात!" पिंछी म्हणजे आमच्या मुनिमहाराजांच्या हातातला मोरपिसांचा कुंचा.

"मग? म्हाराज हातातच घेत्यात की. मी बी हातातच घेणार हाय."

मामांनी फोन ठेवून मालकांकडं मोर मागितला. मोर निघाला. त्याची लांब शेपटी हाच दांडा, खाली दाबली की पाणी आणि वर केली की बंद. मामांनी बोटं मिटली आणि नुसत्या मनगटानं ती शेपटी दाबून बघितली. पुन्हा दाबली. दुकानातले लोक हसत होते, पण मला काही हसू आलं नाही.

चावी बसवायला प्लंबर आला, तेव्हा मोराचं तोंड मोगऱ्याकडं हवं, असा मामांचा हुकूम होता. आटे घट्ट झाले तेव्हा मोर नेमका भिंतीकडं बघत होता. "अजून आवळली तर पाइप फुटंल, आप्पा," असं प्लंबर काकुळतीनं म्हणाला, तेव्हा कुठं मामा थांबले. मोर आजही भिंतीवर रुसलेला आहे. त्याहून कहर म्हणजे मामांनी त्याच्या चोचीला पाणी गाळायचं फडकं बांधलं. पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून झाडालासुद्धा गाळलेलंच पाणी! एवढ्या खटपटीनं आणलेला तो देखणा मोर दाढ दुखणाऱ्या माणसासारखा तोंड बांधून उभा आहे.

मागच्या आठवड्यात निपाणीला गेलो होतो. मामी नुकत्याच पाणी घालून आत आल्या होत्या. "हाताला जोर यायला लागलाय बघ," त्या खुशीत म्हणाल्या. मी परसात गेलो तर मोराच्या फडक्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं, आणि पाण्याच्या थेंबावरून घर डोक्यावर घेणारे माझे मामा खाली तांब्या लावून बसले होते. मी शेपटी वर करायला हात पुढं केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तिनं बंद केलीया."

"गळतीय की, मामा."

"गळू दे रं. मी आवळली तर उद्या तिला दबायची न्हाय," ते आत बघत हळूच म्हणाले. "आणि तिला वाटंल, हात पुन्ना गेला."

तांब्या भरला. मामांनी तो उचलून मोगऱ्याच्या मुळाशी ओतला आणि पुन्हा मोराखाली ठेवला.