न तुटलेला दोर

ती घटना मी विसरलेलो नाही. मात्र ती मला पूर्ण कळली असे आजही छातीठोकपणे म्हणवत नाही. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खूनही पाहिले. तिथे कोणाला तरी काहीतरी हवे असते. ते काय हे कळले की माणूस हाती लागतो. या प्रकरणात कोणालाच काही नको होते, आणि तरी एक धडधाकट तरुण मेला होता.

तेव्हा मी अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाईल अजून लोकांच्या खिशात आलेले नव्हते. नावे कोणाचीच घेणार नाही. दोघे चुलत भाऊ होते. मेला तो थोरला, मागे राहिला तो धाकटा, एवढे पुरे. थोरला वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होता. धाकटा शहरात पुंडलिकनगरात राहून मुलांना गणित शिकवायचा. दोघांचे गाव आमच्याच हद्दीत, डोंगराच्या पायथ्याशी. सुट्टी मिळाली की दोघे शहरातून मोटारसायकलवर यायचे आणि गावामागचा कडा चढायचे.

कशाला चढायचे, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. आमच्या भागात कडे चढणारे प्राणी दोनच, शेळ्या आणि वानरे, आणि दोघांनाही वर काहीतरी खायला मिळते. या कड्यावर ना देऊळ, ना दर्गा, ना पाणी. वर्तमानपत्रात याला प्रस्तरारोहण म्हणतात हे मला ठाऊक होते, पण नाव माहीत असले म्हणून गोष्ट कळते असे नाही.

थोरला कडा चढताना पडला नाही, उतरताना पडला. दोराला लटकून खाली येण्याला ही मुले रॅपलिंग म्हणत. तो आधी उतरायला लागला, धाकटा वर थांबला. मधे कड्याला पोट आलेले आहे, त्यामुळे वरच्याला खालचा दिसत नाही. धाकट्याने जबाबात सांगितले की ताणलेला दोर एकदम ढिला पडला, सर्रकन वर खडकात ठोकलेल्या लोखंडी कडीतून धावला आणि सगळाच्या सगळा खाली गेला. तो शेळ्यांच्या वाटेने वळसा घालून खाली पोचला तेव्हा थोरला धोंड्यांत पडलेला होता आणि त्याच्या अंगावर तो निळा दोर पसरलेला होता. मार मानेला बसला होता.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, दोर आणि कड्या मुद्देमालात जमा करून सील केल्या. पोरे नसते उद्योग करतात आणि आईबापांना आयुष्यभर भोगायला लावतात, असे मनाशी म्हणून मी दुसऱ्या कामाला लागलो. त्या दिवसांत बाजारात शेळ्या चोरणारी एक टोळी माझा जीव खात होती.

मग फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "सायेब, तुमी तो दोर नीट बघितला का? कुठंच तुटलेला नाय. तुटला नाय तर माणूस पडंल कसा? वरून सोडलाय त्यो." एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

मी हवालदाराला बोलावले. माझे हवालदार अनुभवी होते आणि विचारात पडले की दखनीत शिरत. ते म्हणाले, "साब, बात तो सही है. रस्सी टूटी नै, तो किसी ने छोडेच ना. तीसरा रस्ता किधर है?"

तिसरा रस्ता मलाही दिसेना. दुसऱ्याच दिवशी थोरल्याचे वडील ठाण्यात आले. दहावा नुकताच झालेला, डोके भादरलेले, हातात लिहून आणलेली तक्रार. दोन घरांत सामाईक विहिरीवरून वाद होता, ते आणि धाकट्याचे वडील सख्खे भाऊ असून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि पुतण्याने काटा काढला असा त्यांचा आरोप होता. "माझा पोरगा त्याला धाकला भाऊ समजून हिंडवत व्हता," ते म्हणाले. "आन् त्यानं वरून दोर सोडला. लिवा, खुनाचा गुन्हा लिवा."

आता हेतू होता, संधी होती, जागेवर दुसरा कोणी नव्हता. कागदावर प्रकरण इतके सरळ दिसत होते की मला त्याचाच संशय आला. पण वरिष्ठांचाही फोन येऊन गेला होता. तक्रार माझ्या टेबलावर होती, आणि समाधानकारक खुलासा मिळाला नाही तर खुनाचा गुन्हा दाखल करून धाकट्याला अटक करायची, असे ठरले.

त्याला चौकशीला बोलावले. संशयित माणूस दोन प्रकारचा असतो. एक खूप बोलतो, दुसरा काहीच बोलत नाही. हा तिसऱ्याच प्रकारचा निघाला. माझ्याइतकाच गोंधळलेला.

"दोर वर कोणी बांधला होता?" मी विचारले.

"बांधत नाही साहेब. कडीतून ओवतो."

"बांधत नाही? मग माणूस लटकतो कशाला?"

"दोर दुहेरी असतो. मधोमध वरच्या कडीत, दोन्ही टोकं खाली. माणूस दोन्ही दोर कमरेच्या कडीतून घेऊन, एकदम धरून उतरतो. सगळे उतरले की एक टोक ओढायचं, म्हणजे दोर खाली येतो. बांधला तर वरच राहील ना."

हे मी त्याच्याकडून चार वेळा वदवून घेतले आणि चारही वेळा मला ते वेडेपणाचे वाटले. न बांधलेल्या दोरावर शहाणी माणसे जीव टाकतात, आणि वर त्याला शास्त्र म्हणतात!

"मग चूक कोणाची?"

"माझीच असणार," तो म्हणाला. "दोर मी ओवला. मधोमध धरला. काय चुकलं तेवढं कळत नाही. कळलं असतं तर तुम्ही विचारायच्या आधी सांगितलं असतं."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मते हा कबुलीजबाबच होता. पण मी कबुली देणारे पुष्कळ पाहिले आहेत. ते आपण काय केले हे सांगतात, आपण काय केले असेल हे आपल्यालाच विचारत नाहीत.

मी विषय बदलला. घरचे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, मग तुम्ही दोघे एकत्र कसे, असे विचारले. त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून बोलला. "खाली आम्ही दोघं बोलायचोही नाही साहेब. गावात तर एकमेकांना ओळखही द्यायची नाही. वर गेलो की बोलायचो. एकदा हात कपारीत अडकला, पाय थरथरायला लागले, की विहीर कुणाची हे सुचतच नाही. खालून दादा ओरडायचा, मी आहे, घाबरू नको. तेवढ्यासाठी जायचो म्हणा."

माझ्या प्रश्नाचे हे उत्तर होते, पण मी ते जबाबात घेतले नाही. ते कुठल्या रकान्यात बसणार होते?

शेवटी मी ठरवले की ऐकून कळत नसेल तर पाहू. पंचांसमक्ष सील उघडून दोर ठाण्याच्या मागच्या मैदानात आणला. दोराला मधे लाल चिकटपट्टी होती. मधोमध कुठे हे अंधारातही कळावे म्हणून ती लावतात, असे धाकट्याने सांगितले. मी हवालदारांना ती पट्टी हातात धरून उभे केले आणि दोन शिपायांना दोन्ही टोके घेऊन एकाच दिशेने ताणत न्यायला सांगितले.

एक शिपाई लिंबाच्या झाडापर्यंत पोचला. दुसरा बराच अलीकडे थांबला. त्याच्या हातातला दोर संपला होता.

धाकटा जागीच खाली बसला. "हे असं नव्हतं," तो म्हणाला. "साहेब, हे असं नव्हतं. दोन्ही सारखे होते."

मग तो गुडघ्यांवर सरकत आखूड टोकाशी गेला. लांब टोक कारखान्यातून आले तसे गुळगुळीत होते. आखूड टोक कापून मेणबत्तीवर जाळून बंद केलेले होते, काळे पडले होते. गणिताच्या मास्तराला पुढचे सांगावे लागले नाही, पण मला लागले. त्याने कसेबसे सांगितले. चढताना दोराचे टोक गाठ मारून कमरेला बांधतात, कोणी घसरला तर हिसका तिथेच बसतो, म्हणून टोक आधी झिजते. झिजले की तेवढा भाग कापून टाकतात. सगळेच करतात. फक्त कापणाऱ्याने पट्टी सरकवून नव्या मध्यावर लावायची, आणि जोडीदाराला सांगायचे. इथे पट्टी जुन्याच जागी राहिली होती. धाकट्याने पट्टी पाहून दोर ओवला, आणि एक बाजू जमिनीच्या वरच संपली; तिचे टोक थोरल्याच्या कमरेच्या कडीतून निसटले आणि त्याच्या वजनाने अख्खा दोर वरच्या कडीतून ओढला गेला. अख्खा कडा उतरून आलेला माणूस शेवटच्या दीड मजल्यावर मेला. उतरताना टोकाला गाठ मारली असती तर ती कमरेच्या कडीत अडून तो वाचला असता, पण ओढताना गाठ काटेरी झुडपात अडकते म्हणून ते दोघे ती मारत नसत.

मला वाटले, सुटला बिचारा. हवालदार मात्र दोराकडे पाहत राहिले. "साब," ते हळूच म्हणाले, "किसी को मारना हो, तो इससे अच्छा तरीका क्या है?"

आणि खरेच, गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबली. पट्टी तशीच ठेवून दोर गुपचूप कापायचा आणि भावाला आधी उतरायला लावायचे. जो पुरावा अपघाताचा, तोच खुनाचा. धाकटा म्हणाला, मागच्या खेपेनंतर दोर थोरल्याकडे होता. पण ते सांगायला फक्त तोच होता. निरपराध माणूस आत टाकतोय की खुनी सोडतोय, काहीच ठरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरल्याच्या वडिलांकडे गेलो. मुलाच्या सामानात दोर कधी पाहिला होता का, एवढाच पुरवणी जबाब घ्यायचा होता. ते मळ्यात गोठ्यापाशी बसले होते. मी उभ्या उभ्या विचारायला सुरुवात केली आणि थांबलो. दावणीला एक तांबडी कालवड होती आणि तिच्या गळ्यातले दावे निळे होते.

"हे कुठलं?"

"पोरानं आणलं व्हतं," ते म्हणाले. "पोळ्याच्या आधी आला तवा. माझ्यासमोरच सुरीनं कापलं त्यानं आन् टोक जाळलं. म्हणला, आबा, हे टोक आमच्या कामाचं ऱ्हायलं नाय, पन कालवडीला जल्मभर पुरंल. लई मजबूत हाय."

"उरलेला दोर?"

"गुंडाळून घिऊन गेला."

मी खाली बसलो. पुढचे सांगणे माझ्या कामाचा भाग होते, पण ते कसे सांगायचे हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. दोर दोघांनी मिळून घेतलेला होता, हे आधी सांगितले. त्यांना ते माहीत नव्हते. पोराचा एकट्याचा समजून त्यांनी तुकडा ठेवून घेतला होता. मग पट्टीचे सांगितले.

"म्हंजी कुनी मारलं नाय?"

"नाही."

"माझ्यापायी?"

"नाही आबा. झिजलेलं टोक वापरात राहू नये म्हणून कापलं त्याने. भावाला धोका नको म्हणून. पट्टी तेवढी सरकवायची राहिली."

त्यांनी हात लांबवून कालवडीच्या गळ्यातली गाठ चाचपली. मग म्हणाले, "सायेब, तेवढं दोन दिस थांबा. त्या पोराला एवढ्यात निरदोस म्हनू नका."

"का?"

"त्यो गुन्हेगार हाय तवर मला राग हाय. त्यो सुटला म्हंजी मग मला रडावं लागंल."

मी थांबलो नाही. थांबता येत नव्हते. त्यांचा जबाब घेतला, निळे दावे पंचनामा करून जप्त केले. ठाण्यात आखूड टोकाला ते जोडून मोजले तर पट्टीपासूनच्या दोन्ही बाजू सारख्या भरल्या. धाकट्याला मोकळे केले. मी त्याला सगळे सांगितले तेव्हा त्याला हायसे वाटेल असे मला वाटले होते. झाले उलटेच.

"मला का नाही सांगितलं त्यानं?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "दहा हात दोर कालवडीला दिला तर मी काय वाटणी मागितली असती?"

कदाचित थोरला नुसता विसरला असेल. कारखान्याच्या पाळ्या, सणाची गडबड, माणूस विसरतो. किंवा सामाईक वस्तूतला तुकडा आपण आपल्याच बापाला दिला हे त्या घरात बोलायची त्याला लाज वाटली असेल, भीती वाटली असेल. ज्या घरात विहिरीच्या पाण्यावरून भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, तिथे दोरही वाटणीत येतो. यातले खरे कोणते ते मला आजही ठरवता येत नाही, आणि ज्याला विचारायचे तो उरलेला नाही. एवढे मात्र शिकलो की आमच्या कायद्यातला पहिला प्रश्न 'कोणी?' हा असला, तरी काही मरणांना तो लागू पडत नाही, आणि अशा वेळी पोलिसाने उत्तर हवे म्हणून माणूस शोधू नये. हे लिहायला सोपे आहे. समोर भादरलेल्या डोक्याचा बाप बसलेला असतो तेव्हा फार अवघड असते.

त्या संध्याकाळी धाकट्याला घेऊन मी बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर थोरल्याचे वडील बसलेले. शिपाई पुढे सरसावले. मी त्यांना हाताने थांबवले. म्हातारा उठला आणि पुतण्यासमोर येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षे ते त्याच्याशी बोलले नव्हते.

"मोठेबाबा," धाकटा म्हणाला.

"घरी चल," ते म्हणाले. "तुझ्या मोठ्या आईला त्या दाव्याचं अजून कायच सांगितलं नाय. माझ्याच्यानं होईना. तिला तू सांग."