अर्विनची लाल चिठ्ठी

त्या शनिवारी अर्विन स्टाउफरचा पाय एका जागी ठरत नव्हता. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या गावी, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, जुन्या बंदुकांचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्याच्या टेबलापुढे रांग लागली होती. हा मात्र दर पाच मिनिटांनी उठून खिडकीशी जायचा.

"अर्विन, सूप गार झालं की रे!" हॉलच्या स्वयंपाकघरातून त्याची बायको फर्न ओरडली. "कुठे जीव टांगलाय तुझा?"

"कुठे नाही," तो म्हणाला. साफ खोटं.

पहिल्या महायुद्धात खंदकातल्या लढाईसाठी सैन्याने छऱ्यांच्या बंदुका घेतल्या होत्या. नळीवर भोकाभोकांचा पत्रा, पुढे संगीन अडकवायची सोय आणि अंगावर पेटत्या तोफगोळ्याच्या चित्राचा सरकारी शिक्का. साध्या शिकारी बंदुकीला पत्रा आणि शिक्का चढवून विकणारे भामटेही काही कमी नव्हते. म्हणून लोक बंदूक अर्विनपुढे धरत. तो भिंग लावून बघायचा आणि चापाभोवतीच्या कडीला चिठ्ठी बांधायचा. खरीला पांढरी, बनावटीला लाल. त्यावर कोणी हूं की चूं करत नसे. माणूस हुशार होता, पण त्या हुशारीची मिजास केवढी!

सत्तावीस वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, त्याचा मित्र डेल्मर यॉस्ट आपल्या बापाची बंदूक घेऊन आला होता. म्हातारा हिराम सांगायचा, हीच घेऊन मी फ्रान्सच्या खंदकात उभा होतो. शिक्क्यावर एकावर एक असे दोन ठोके होते, दुसरा जरा डावीकडे सरकलेला. अर्विन हसला होता. "कारखान्यातला माणूस दोनदा ठोकत नाही, डेल्मर. घरी चोरून ठोकणाऱ्याचाच हात थरथरतो." चारचौघांत त्याने लाल चिठ्ठी बांधली. हिराम त्याच हिवाळ्यात गेला.

आणि आता, या गुरुवारी, शेजारच्या जिल्ह्यातल्या जुन्या तुरुंगाच्या कोठारात अर्विनसमोर एक पेटी उघडली. युद्धानंतर सैन्याने पाठवलेली, मोहोरबंद, सोबत कागद. आतल्या बंदुकीवर तस्साच दुहेरी शिक्का, तितकाच डावीकडे सरकलेला! अर्विनने घरी येऊन जुनी वही काढली. हिरामच्या बंदुकीचा क्रमांक पेटीतल्या बंदुकीपेक्षा फक्त तीनने पुढे होता. एकाच कारागिराच्या हातचं काम. म्हणजे ते ठोके घरी चोरून मारलेले नव्हते.

दुपारी त्याने टेबल तसंच टाकलं आणि गाडी काढली. डेल्मरच्या फाट्यावरून दोनदा पुढे गेला, दोनदा वळला. भित्रा लेकाचा! तिसऱ्यांदा मात्र आत शिरला.

डेल्मर गॅरेजात गवत कापायचं यंत्र खोलून बसला होता. "काय रे, प्रदर्शन बंद पडलं का?"

"मी चुकलो, डेल्मर." अर्विन उभ्याउभ्याच बोलून गेला. पेटी, कागद, क्रमांक, सगळं सांगितलं. "तुझ्या बापाची बंदूक खरी होती. आण ती. पांढरी चिठ्ठी बांधतो आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर माफी मागतो."

डेल्मरने हात पुसले. आत गेला आणि बंदूक घेऊन आला. लाल चिठ्ठी अजून कडीला होती, रंग उडून गुलाबी झालेली.

अर्विनने भिंग काढलं, बंदूक उजेडाकडे फिरवली. शिक्क्याच्या जागी नुसतं गुळगुळीत लोखंड होतं.

"हे कोणी केलं?"

"बाबांनी. कानशीने." डेल्मर खाली यंत्राकडेच बघत होता. "त्या दिवशी घरी येऊन मी ही चिठ्ठी त्यांच्या मांडीवर फेकली. म्हटलं, पुरे झाल्या तुमच्या थापा, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत. ते बंदूक घेऊन आत गेले. सकाळी बघतो तर शिक्का घासून टाकलेला."

"मग तू विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून घासला. एवढी वर्षं मी तोच त्यांचा कबुलीजबाब धरून बसलो होतो, अर्विन."

अर्विनने खिशातून पांढरी चिठ्ठी काढली. त्याचे हात इतके थरथरत होते की गाठ काही बसेना. शेवटी डेल्मरनेच ती त्याच्या हातातून घेतली आणि बांधली.