सिंधूताईच्या हरभऱ्यावरचा आळ

वरवट बकालच्या सिंधूताईला दोन माणसांचा राग येतो: शेतातला काडीकचरा पेटवणाऱ्याचा आणि तिच्या हरभऱ्याला नावं ठेवणाऱ्याचा. किसनरावांनी एकाच हंगामात दोन्ही केलं. माणूस धाडसी, एवढं म्हणावंच लागेल.

सिंधूताईच्या तीन एकरांत तुरीचा पाला, मळणीतून उरलेलं सोयाबीनचं कुटार, सगळं जागच्या जागी कुजतं. ‘ताईनं वावर झाडलंच नाही,’ म्हणून लोक हसत, आणि हसणारेच दिवाळीच्या आगेमागे डबा घेऊन तिच्या दारी येत. कारण तिचं घरचं बियाणं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चार दिवसांनी उलगडून मोड मोजून दाखवायचे. पंच्याण्णवच्या खाली आकडा कधी आला नाही. नवरा गेल्यावर गावात तिला जी पत होती, ती त्या गोणपाटाची.

किसनरावांचं वावर मात्र आरशासारखं. काडी दिसली की आग. सोयाबीनात तणनाशक मारलं तेही डब्यावर लिहिल्याच्या दुप्पट. डब्यावरचं वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मग त्याच वावरात सिंधूताईचा हरभरा पेरला आणि तो वीस दिवसांत पिवळा पडून बसला.

“सिंधूताईनं बोगस बियानं देल्लं,” किसनराव चहाच्या टपरीवर बोलले. पाठोपाठ कृषी कार्यालयात तक्रारही दिली. दुसऱ्या दिवशी शेजारची रेणुका, तिची पेरणी राहिली होती, नेलेल्या बियाण्याचा भरलेला डबा सिंधूताईच्या उंबऱ्यावर ठेवून निघाली. पाणीसुद्धा घेतलं नाही. सिंधूताईला तो डबा किसनरावांच्या शब्दापेक्षा जास्त लागला.

पाहणीला कृषी सहायक मनाली आली, तेव्हा अर्धं गाव किसनरावांच्या बांधावर. सिंधूताई कोणाकडे न बघता तडक वावराच्या कोपऱ्यात गेली. तिथं हरभरा हिरवागार होता.

“हा कोनाचा, किसनभाऊ?”

“माह्याच.”

“बियानं?”

“तुमचंच.”

“मंग हा काऊन नाई पिवळा पडला?”

कोपऱ्यात गेल्या सालचं कुटार होतं. भिजल्यामुळं पेटलं नाही, म्हणून तसंच पसरून दिलेलं. फवारणी तिथंही तेवढीच झाली होती. मनालीनं खुरप्यानं माती उकरली. काळी, भुसभुशीत, कुजक्या काड्यांनी भरलेली.

“कुजणाऱ्या काडीला लागून असलेल्या मातीत सूक्ष्मजीवांची पंगत बसते,” ती म्हणाली. “काडी खाता खाता ते तणनाशकही मोडून टाकतात. बाकी वावरात तुम्ही त्यांचं ताटच जाळलं, भाऊ. औषध मातीत तसंच राहिलं, ते मुळांना लागलं.”

“म्हंजे माह्या मातीतच दोष हाय,” किसनराव म्हणाले.

सिंधूताई आवाज न चढवता म्हणाली, “काल बियानं, आज माती. तुमचा फवारनीचा पंप तेवढा सोवळ्यातला? चाला टपरीवर. जिथं बोगस म्हनलं, तिथंच चांगलं म्हना.”

गेले. न जाऊन करणार काय? गाव मागून चालत होतं. किसनरावांनी चहाचा कप तोंडाशी धरून म्हटलं, “बियानं चांगलं होतं.”

“कपाले काय सांगता? रेणुकाले सांगा, त्या बाकड्यापाशी उभी हाय.”

सांगावं लागलं.

सकाळी रेणुका दुसरा रिकामा डबा घेऊन दारात आली, खाली मान घालून. सिंधूताईनं डब्याकडे पाहिलंच नाही. आतून तांब्या आणून तिच्यापुढं धरला.

“पह्यले पानी पे. मंग डबा उघड.”