लांजेवारांच्या घरातली भेसळ

आमच्या भिलाईच्या लॅबमध्ये पोलादाचा भुगा रोज झाडून काढायचे. किस्से मात्र कोणी झाडले नाहीत, ते कोपऱ्यात साचत गेले. त्यातले निम्मे तरी आमच्या सीनियर केमिस्ट लांजेवारांचे. मूळचे भंडाऱ्याचे, आणि पोलाद ठिसूळ करणाऱ्या सल्फर-फॉस्फरसचे जन्माचे वैरी. सॅम्पलमध्ये ही मंडळी जरा जास्त दिसली की लांजेवार फोन उचलून भट्टीचा सगळा माल अडवायचे.

*

नेहरू नगरात एका सहकाऱ्याकडे वास्तुपूजेचं जेवण होतं. लांजेवारांनी कढीचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि यजमानाला शांतपणे सांगितलं, “हे लॉट इथंच थांबवा.”

यजमान आत धावले. कढीत मिठाऐवजी साखर पडली होती!

*

घरातही तेच. मुलगी वसुधा फिजिक्समध्ये रिसर्च करायला बंगलोरला गेली. तिच्या पहिल्या पत्रात अर्धी हिंदी होती. लांजेवारांनी हिंदी शब्दांभोवती लाल गोल काढले, खाली शेरा मारला आणि पत्र तिलाच परत पाठवलं. शेरा असा: “चिठ्ठी शुद्ध मराठीत लिहावी. मिक्सिंग बिलकुल नहीं चलेगा!”

त्यानंतर पत्रं बंद. आठवड्याला एक फोन यायचा, तो वहिनी घ्यायच्या. लांजेवार याबद्दल बोलत नसत, पण पोस्टमन दिसला की त्यांची मान आधी वर व्हायची. मला वाईट वाटायचं.

*

छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीची, मध्य प्रदेशातली आमची ती शेवटची वर्षं. वसुधा सुटीत घरी आली. बापाने तिच्या नावाने प्लांटच्या नोकरीचा फॉर्म भरून ठेवला होता, सोमवारी रुजू व्हायचं पत्रही आलं होतं. ती म्हणाली, मला रिसर्चला परत जायचंय, पण बाबा हो म्हणाले तरच. विषय काय, असं मी विचारलं तर म्हणाली, “स्पिन हॉल इफेक्ट.”

आमचे क्लार्क भोयर तिथेच चहा पीत होते. “हे हॉल कुठंशी आहे? लग्नासाठी देतेत का?”

वसुधा हसली. म्हणाली, चांगल्या धातूत जड अणूंची थोडी भेसळ केली तर काय होतं, त्याचं गणित मी करते. लांजेवारांचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मला म्हणाले, “तीस वर्षं मी जे बाहेर काढून राहिलो, तेच हे पोट्टी आत टाकून राहिली.”

*

शेवटी त्यांनी अट घातली, मला समजलं तर जा. वसुधाने समजावलं, मी समोरच होतो.

“समजा बाबा, शिफ्ट सुटली. गेटातून सायकली सरळ येऊन राहिल्या, अन् मधात म्हैस बसली आहे. ज्यांचा डबा डाव्या हँडलले, ते जास्त करून डावीकडून वळतेत. उजव्या डब्याचे उजवीकडून. गर्दी दोन्हीकडं सारखीच. पण एका काठाले डावे डबे जमतेत, दुसऱ्याले उजवे. सायकल म्हंजे इलेक्ट्रॉन, डबा म्हंजे त्याचा स्पिन.”

“अन् म्हैस?”

“म्हैस म्हंजे भेसळ. ते नसती तर सगळे सरळ निघून गेले असते.”

लांजेवार तपासल्याशिवाय सही करणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला रजिस्टर घेऊन गेटसमोर उभे! म्हैस होती, तिथे ती नेहमीच असायची. पण डावे डबे, उजवे डबे, सगळे एकाच बाजूने गेले. त्या बाजूला कडुलिंबाची सावली होती.

घरी त्यांनी रजिस्टर वसुधापुढे ठेवलं. ती हळूच म्हणाली की प्रयोगात हे अजून कोणालाच मोजता आलेलं नाही, सध्या फक्त कागदावर आहे. मला वाटलं, संपलं. लांजेवारांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, “मंग मी रिजेक्ट कसं करू? सॅम्पलच तर आलं नाही अजून.”

*

सोमवारी दुर्ग स्टेशनवर आम्ही तिला सोडायला गेलो. प्लॅटफॉर्मवर बाप फक्त पाण्याची बाटली आणि बॅगेचं कुलूप यावरच बोलत होता. गाडी हलली तसे लांजेवार खिडकीबरोबर चालायला लागले.

“वसू, चिठ्ठी टाकत जाजो.”

“बाबा, शुद्ध मराठीत नाही जमत मले.”

गाडीने वेग घेतला, ते मागे पडले. तोंडाशी दोन्ही हात धरून, सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असे ओरडले, “मिक्सिंग चलेगा!”