संडासातल्या कॅलेंडरवरची सतरा तारीख

रेन्स्के माझी थोरली बहीण. फेब्रुवारीत गेली, डोक्यातली नस फुटली. चौतीस वर्षं इथे हॉलंडात, ग्रोनिंगेनच्या खेड्यांतून सायकलवर फिरून सुईणपण केलं तिने. मी बटाट्याच्या कारखान्यातली, मला लिहायचं कळत नाही. बोलते तसं टाइप करतेय.

वाढदिवसाचं कॅलेंडर आमच्याकडे संडासातच टांगतात. त्यात वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणून ते जुनं होत नाही. बसल्या बसल्या कळतं कुणाकडे केक न्यायचाय. रेन्स्केच्या कॅलेंडरवर सतरा नोव्हेंबरला नावच नव्हतं. नुसती रेघ.

"ही रेघ कोण गं? कुणाला ठेवलंयस की काय चोरून?" मी एकदा चेष्टेत विचारलं. ती हसली नाही. मग सांगितलं तिने.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक बाई होती. तपासणीत आलं की पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम आहे. रेन्स्केने तिला फोन केला. म्हणाली, फार वाईट झालं गं, पण तू घाबरू नकोस, गुरुवारी दवाखान्यात तुझी वेळ घेऊन ठेवलीये. पिशवी रिकामी करायची वेळ. तुला काय हवंय, हे विचारलंच नाही. आम्ही माणसं अशीच, आधी डायरी उघडतो. बाई म्हणाली, "बरं. थँक्यू." बास. परत आली नाही, पुढे गावही सोडलं तिने. सतरा नोव्हेंबरला ती बाळंत व्हायची होती.

"तिलाही तेच हवं असेल," मी म्हणाले.

"असेल. पण मी विचारलं नाही ना, दिने."

त्या बाईनंतर मारिट नावाच्या एका पोरीच्या तपासणीत तसंच निघालं. या वेळी फोन नाही, रेन्स्के सायकल काढून तिच्या घरी गेली. सांगितलं आणि गप्प बसली. मारिट बटाटे सोलत होती, हिनेही एक सुरी घेतली.

"काहीतरी बोला की!" मारिट ओरडली.

"तू बोल. तुला काय हवंय? मला घाई नाही."

मारिटला बाळ हवं होतं. मग रेन्स्के दर मंगळवारी जायची, पोटाला कान लावायची, बाकीच्या बायकांचं करते तसंच सगळं. मारिटची सासू टोमणा मारायची, "हल्ली सगळं आधी कळतं, तरी लोक..." रेन्स्के म्हणायची, "बाई, तुम्ही फक्त वाढदिवस लिहायला पेन शोधून ठेवा."

अंत्यविधीनंतर सगळे रेन्स्केच्या घरी कॉफीला आले. मारिटची लेक फेना नऊ वर्षांची आहे आता. ती संडासात गेली आणि आतूनच ओरडली, "आई! इथे मी आहे! दोन जून!" सगळे हसले. मग पानं उलटल्याचा आवाज. खूप वेळ.

"सतराला कोण आहे?"

मी दाराबाहेरून म्हणाले, "माहीत नाही गं बाळा."

"मग जी कुणी आहे तिलाच विचारा ना," फेना म्हणाली.

घर मार्चमध्ये रिकामं करून दिलं. कॅलेंडर मी आणलं, माझ्या संडासात टांगलंय. आज तीन नोव्हेंबर. ऑक्टोबरचं पान अजून तसंच आहे, उलटलं की ती रेघ दिसेल. दिवा न लावताच जाऊन येते मी.