मशीनच्या पोटातलं कुंकू

अंकिता घरतला धूळ चालत नाही. पनवेलच्या आमच्या कारखान्यात ती मेमरी चिप तपासायच्या मशीन बनवते आणि मी, सुनीता, तिच्या शेजारी वायरिंग करते. टोपी न घालता आत आलात तर सख्ख्या आईलाही ती बाहेर काढील. आणि ह्याच बाईनं परवा मशीनच्या आत कुंकू लावलं.

पूजेशिवाय मशीन बाहेर जात नाही, ही आमची रीतच आहे. पण कुंकू लागतं बाहेरच्या पत्र्याला. ही मात्र अंकितानं स्वतः आखलेली पहिली मशीन. तिला माया आवरली नाही. झाकण उघडून तिनं आतही बोट टेकवलं. मी बघितलं आणि हसले.

एआयच्या सर्व्हरला लागणारी चिप ह्या मशीनच्या सॉकेटमध्ये बसवायची, तापवायची, तिच्यात आकडे लिहायचे आणि परत वाचायचे. विसरली ती बाद. गिऱ्हाइकाकडून तपासायला आलेल्या अरुंधती मॅडमनी सोबत आधीच पास झालेल्या, खात्रीच्या चिप आणल्या होत्या. त्यातली एक मशीननं बाद केली. पुन्हा लावली, पुन्हा बाद.

फाटकाशी न्हावा शेव्याला जाणारा ट्रक उभा होता. आमचे मालक कृष्णकांतकाका घाईनं म्हणाले, "मॅडम, प्रवासात चिपच बिघडली असेल."

"असू शकतं," म्हणत मॅडमनी मशीन पास करायच्या सहीसाठी पेन काढलं.

अंकिता पांढरीफटक पडली होती. तिला काय कळलंय ते मलाही कळलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. गप्प राहा, बाई. एका सहीचा तर प्रश्न होता.

"मॅडम, थांबा. चिप चांगली हाय," ती म्हणाली. कारखान्यात तिच्या तोंडून गावची बोली मी कधीच ऐकली नव्हती. तिनं तीच चिप शेजारच्या सॉकेटमध्ये बसवली. पास झाली. मग पहिलं सॉकेट उघडून तिनं भिंग धरलं. केसाएवढ्या पिनांमध्ये लाल कण अडकले होते.

"कुंकू हाय. मीच लावलं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मशीन नापास. ट्रक रिकामा परत गेला आणि काकांचा पारा चढला. "उद्यापासून तू मशीनला हात लावायचा नाहीस," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मला त्यांचा संताप आला, पण तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. आधी गप्प राहा म्हणणारी मीच होते.

दारापर्यंत गेलेल्या मॅडम वळल्या. "मग मीही परत यायची नाही. माझी मशीन हिच्याच हातची हवी."

काकांनी रिकाम्या फाटकाकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढून अंकितापुढे ठेवलं. "बस. सगळी सॉकेट उघड."

तेव्हा कुठे ती रडली.